कोरं ताट

एकोणतीस मार्च, दुपारी एक वाजून वीस मिनिटे. नांदेडमधल्या एका नव्या उपाहारगृहात मी मेनूकार्ड उघडून बसले आहे. त्याच्या शेवटच्या पानावर हिरव्या पानाच्या चित्राशेजारी 'व्हीगन थाळी' असे छापलेले आहे. या शहरात मी वाढले, शिकले, आता नोकरी करते. पण मांसाबरोबर दूधदुभतेही वगळणारा हा शब्द इथे छापील स्वरूपात प्रथमच पाहते आहे.

"यात काय काय असतं?" मी वाढप्याला विचारते.

तो पाठ केलेले म्हणून दाखवतो. "दोन भाज्या, दाल फ्राय, रोटी, राइस, पापड अन् पनीर टिक्का."

"पनीर?"

"हाव मॅडम. व्हीगन हाय ना, चिकन न्हाई येत त्याच्यात."

काचेबाहेरून पाण्याचा टँकर जातो. त्याच्या मागच्या तोटीतून गळणाऱ्या पाण्याची रेघ डांबरावर उमटते आणि टँकर वळणाआड जाण्याआधीच तिचे टोक वाळू लागते. रस्त्यावर टँकर दिसू लागले की माझ्या जिभेवर ज्वारीच्या भाकरीची चव येते. हा कार्यकारणसंबंध विचित्र आहे. परंतु बऱ्याच उन्हाळ्यांत तो तपासून पाहिला आहे आणि तो टिकतो.

दूध मला चालत नाही. आवडत नाही असे नव्हे, चालत नाही. दुधातली प्रथिने पोटात गेली की थोड्याच वेळात ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळू लागतो. मांस मी विष्णुपुरीला कॉलेजात शिकत असताना पूर्ण विचार करून सोडले. दूध माझ्या शरीराने त्याआधीच, मला न विचारता, सोडून दिले होते. पहिल्या निर्णयाबद्दल घरी बरेच वाद झाले, दुसऱ्याबद्दल कोणाला काही म्हणता येण्यासारखे नव्हते.

आमच्याकडे बाहेर जेवणे ही खाजगी गोष्ट नाही. हॉटेलात काय चालत नाही हे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्यात चालत न्हाई का?" त्या एका 'तुमच्यात'मध्ये आडनाव, गाव आणि गल्ली असे सगळे विचारून होते. मला कोणी माळकरी समजत, कोणी जैन. आम्ही हदगाव तालुक्यातले बौद्ध. आजीच्या हातच्या मटणासाठी भावकी चार कोसांवरून येत असे. म्हणून मी एक उत्तर तयार ठेवले होते: "आमच्यात चालतं. माझ्यात चालत नाही." हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते आणि व्यवहारात प्रत्येक वेळी निरुपयोगी ठरत असे. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तेवढा हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्या पंगतीत बसलेला माणूस फक्त भुकेला असतो. परंतु तिथल्या डाळीवर चांगल्या तुपाचा तवंग असतो, आणि म्हणून ती उत्तम पंगत मी दुरूनच पाहत आले.

मग तो उन्हाळा आला, ज्यात लातूरला रेल्वेने पाणी आले.

पदवीची शाई वाळायच्या आत मला लातूरमध्ये पाणी तपासण्याच्या कामावर हंगामी नेमणूक मिळाली होती. टँकर जिथे रिकामे होतात तिथे जायचे, नमुना घ्यायचा, त्यात औषधाचे थेंब टाकून रंग पाहायचा, नोंद करायची. पाण्यात क्लोरीन पुरेसे असेल तर पिवळा रंग उमटतो. नसेल तर पाणी तसेच निरागस दिसत राहते आणि तेच धोक्याचे असते. पावसाळ्यापर्यंत एकही दिवस न चुकवता काम निभावले तर ती जागा कायम होणार होती. मला ती हवी होती. विनयाने वगैरे नव्हे, सरळ हवी होती. जिल्हा माझ्यासाठी नवा, ओळखीचे कोणी नाही, आणि घरमालकीणबाईंनी किल्ली देतानाच अट घातली.

"राहा की खुशाल. पण चूल न्हाई पेटवायची बगा. शिजवलं की भांडं आलं, भांडं आलं की पाणी आलं. कुठनं आणू?"

युक्तिवादात एकही फट नव्हती. दुष्काळ माणसाला घरातून बाहेर काढतो असे आपण ऐकतो. मला त्याने दोन वेळा बाहेर जेवायला काढले. आणि जेवायला जागा सापडली नाही तर नोकरीही राहणार नव्हती, हे मला पहिल्याच संध्याकाळी बिस्किटांच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचताना कळून चुकले. बिस्किटातही दूध होते.

'शुद्ध शाकाहारी' अशा पाट्यांना त्या शहरात तोटा नव्हता. मी एकेक पाटी घेऊन पद्धतशीर चौकशी सुरू केली. "यात दूध, दही, तूप काही आहे का?" या प्रश्नाकडे मी माहिती मिळवण्याचे साधन म्हणून पाहत होते. गल्ल्यावरची माणसे त्याच्याकडे आरोप म्हणून पाहत होती.

"ताई, चोख काम हाय आपलं! पावडर-बिवडर न्हाई, घरच्या म्हशीचं हाय," एकाने छातीवर हात ठेवून सांगितले. दुसऱ्याने तुपाचा डबाच वास घ्यायला नाकाशी धरला. तिसऱ्याने 'दूध नको' हे नीट ऐकून घेतले आणि कढी वाढली. मी वाटी परत सरकवल्यावर तो दुखावला. "हे ताक हाय वो, दूध कुठं?" तेव्हा मला इथले वर्गीकरण उमगले. दूध म्हणजे पांढरे, पातळ आणि बहुधा चहात असते ते. दही, ताक, लोणी, खवा ही त्याची लेकरे. पण ती लग्ने करून वेगळी राहतात, त्यांची नावे दुधाच्या शिधापत्रिकेवर नसतात.

शब्द सापडला तो चहाच्या टपरीवर. "दूध नको," मी थकून म्हटले. टपरीवाल्याने मान वरही केली नाही. "मंग कोरा?"

कोरा. दोन अक्षरे, ना आरोप, ना आडनाव. कोरा कागद, कोरे कापड, नवेकोरे पातळ: ज्याला अजून काही लागलेले नाही ते. हाच शब्द उन्हात थोडा जास्त वेळ राहिला की कोरडा होतो, आणि त्या वर्षी सगळा मुलूखच तसा झाला होता. मी कोरा चहा घेतला, आणि परिकल्पना हाती लागल्यावर येते तशी तरतरी घेऊन कोर्टामागच्या गल्लीत शिरले.

तिथे गौराक्काची खानावळ होती. अक्का निलंग्याकडची लिंगायत बाई. बोलणे आपल्यासारखे, पण वाढायला लागली की कानडी सुरू. पुरे का विचारायला "साकू?" आणि नको म्हणणाऱ्याला वेडावून दाखवायला "बेडा, बेडा!"

"भाजी कोरी मिळेल का?" मी विचारले.

"कोरी म्हंजे?"

"कोऱ्या चहासारखी. दूध, दही, ताक, तूप, लोणी, त्याच्या घरातलं कोणीच नको."

"सगळं खानदानच नको म्हण की!"

कोपऱ्यातल्या टेबलावरून एक म्हातारा आवाज आला. "नोटीस काढा अक्का. म्हशीच्या तमाम वारसांवर." ते बेलीफकाका, कोर्टाच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली, पण जेवणाची आणि कायद्याची सवय सुटलेली नव्हती.

"तुमच्यात चालत न्हाई का?" अक्काने विचारलेच.

"आमच्यात चालतं. माझ्यात चालत नाही."

तिने क्षणभर पाहिले. "असू दे. पोट काय गल्ली बगून दुखतं का?" मग नाव-गाव विचारले. मी आडनावासकट सांगितले. "बरं," ती म्हणाली आणि आत गेली. त्या 'बरं'चे विश्लेषण मी बरेच दिवस करत होते. स्वर सपाट होता, चेहरा पाठमोरा. अनुमान काढण्यास पुरावा अपुरा.

या खानावळीचे वय आणि जिल्ह्याचे वय एक. "हा जिल्हा नवाकोरा झाला ना, तवा आम्ही उस्मानाबादेहून बदलून आलो," बेलीफकाका सांगत. "कचेरीत बसायला खुर्ची न्हाई, राहायला खोली न्हाई. पण अक्काच्या सासूनं तवा ठेवला व्हता. जिल्ह्याचा पयला कारभार इथंच, या फळकुटावर." अक्का तेव्हा नवी नवरी होती. "हाव, अन् या साहेबांनी पयल्याच दिवशी मीठ कमी म्हणून तक्रार केली. अजून निकाल न्हाई लागला." मला ही मांडणी फार पटली. जिल्हा नवा झाला की कचेऱ्या आधी येतात, बायकापोरे नंतर. मधल्या काळात सगळा जिल्हा खानावळीत जेवतो. मीही त्याच मधल्या काळात होते.

आणि जेवण! भाजक्या धान्यमसाल्याच्या येसराची आमटी, जिचा ठसका पहिल्या घासाला नाकात जातो आणि दुसऱ्या घासाला डोळ्यांत येतो. खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, तिच्यात शेंगतेलाची ओल. हुलग्याचे पातळ माडगे. हातावर फोडलेला कांदा. या सगळ्यात दुधाचा थेंब नव्हता. कोणी तत्त्व म्हणून वगळला नव्हता, तो मुळातच नव्हता. कोरडवाहू जमिनीचे जेवण कोरेच असते. अक्का तूप घालत असे ते फक्त शेवटी, वरून, मायेपोटी. आणि माझ्या ताटापुरती ती माया तिने आवरली. मी नेमाने दोन भाकऱ्या खाऊन टँकरच्या मागे उन्हात उभी राहू लागले.

चुकीची शक्यता मी आमटीत धरली होती, चटणीत धरली होती, तव्याच्या उलथन्यावरही धरली होती. भाकरीत नाही. ज्वारीचे पीठ, पाणी, विस्तव: माझ्या समीकरणातला तो स्थिरांक होता. पण एप्रिलमध्ये एके सकाळी गल्लीत टँकर आलाच नाही. त्याच सकाळी अक्काच्या भावाने गावाकडून ताकाचा कॅन आणून दिला होता. खानावळीची वेळ झाली, परातीत पीठ पडलेले, घागर पालथी. अक्काने जे हाताशी होते त्यात पीठ मळले. पाण्याऐवजी ताक, ही चूक फक्त त्याच वर्षी, त्याच गल्लीत होऊ शकत होती.

भाकरी किंचित आंबूस लागली. पीठ जुने असेल, असे म्हणून मी ती संपवली.

"तोंडाला काय झालं गं तुझ्या?" अक्काने विचारले, तेव्हा माझे ओठ जाड झाले होते.

"भाकरी... कशात मळली?"

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिले. "ताकात. पाणीच नव्हतं गं. भाकरीत बी येतं व्हय तुझं ते?"

बेलीफकाकांनी धोतर सावरत रस्त्यावर आडवे होऊन रिक्षा थांबवली. दवाखान्यात इंजेक्शन मिळाले, घसा हळूहळू सैल झाला. डोळे उघडले तेव्हा अक्का खाटेशेजारी बसलेली होती आणि तिच्या बोटांवर पीठ तसेच वाळून तडकले होते. हात धुवायला तरी पाणी कुठे होते?

डॉक्टरांनी सांगितले: काय खाल्ले, किती खाल्ले, पुढे काय झाले, प्रत्येक जेवणाची नोंद ठेवा. नोंदी ठेवणे हे माझे कामच. पण त्यातून जे निघाले ते डॉक्टरांच्या उपयोगाचे नव्हते. भाकरी: अर्धी. भाकरी: पाव. भाकरी: अर्धी. भीती मोजायचे उपकरण आमच्या प्रयोगशाळेत नव्हते. माझ्या वहीत ते आपोआप तयार झाले. अर्ध्या भाकरीवर लातूरच्या उन्हात उभे राहता येत नाही. एकदा टँकरपाशी नमुन्याची बाटली हातातून सुटली, तेव्हा साहेब नरमाईने म्हणाले, "झेपत नसेल तर सांगा. दुसरं कोणी पाठवू." नरमाईने म्हटले, म्हणूनच ते अधिक लागले.

बाबांचा हदगावहून रोज फोन. ते प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतरही प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत. "काहून जिवाशी खेळून राहिलीस? ये निघून. नोकऱ्या लई मिळतील."

"ही नाही मिळणार, बाबा."

इकडे अक्काने आपल्या परीने बंदोबस्त केला. पितळेचे एक ताट, एक लहान परात, पाण्याचा एक तांब्या तिने फळीवर बाजूला काढला आणि तिन्हींवर खडूने 'कोरं' असे लिहिले. टँकर आला की पहिला तांब्या माझ्या पिठासाठी भरून झाकून ठेवायचा, देवाचा त्यानंतर. "त्याला कुणी हात लावायचा न्हाई," तिने सगळ्यांना बजावले. शास्त्राच्या दृष्टीने व्यवस्था बिनचूक होती. मी स्वतः याहून वेगळे काही सुचवले नसते. मी आनंदाने बाबांना कळवले.

बाबांनी त्यातले दोनच शब्द उचलले.

"वेगळं भांडं?"

"बाबा, ते तसं नाही."

"तसंच असते, बाळा. माझ्या बापाला हिमायतनगरच्या बाजारात चहा मिळायचा. त्याची कपबशी वळचणीला, वेगळी. तोच विसळायचा, तोच ठेवायचा. छप्पन सालानंतर त्यानं पयलं काम काय केलं म्हाईत हाय? ती कपबशी फोडली." मग म्हणाले, "मी येतो. बघतो ते भांडं. अन् तुला घेऊनच जातो."

त्या रात्री मी हा प्रश्न कागदावर मांडायचा प्रयत्न केला. वस्तू एकच: बाजूला ठेवलेले ताट. कारणे दोन, एकमेकांच्या थेट विरुद्ध. ताट पाहून कारण ठरवता येत नाही. ठेवणाऱ्याचा हात पाहावा लागतो. आणि मला आठवले ते पहिल्या दिवशीचे सपाट 'बरं'. त्याचा अर्थ मला अजूनही ठाऊक नव्हता. अक्का आणखी एक गोष्ट करत असे. मी जेवायला बसले की माझ्या ताटातल्या भाकरीचा कोपरा मोडून ती आधी स्वतःच्या तोंडात टाकायची. आंबट लागते का बघायला. चाचणी म्हणून ती कच्ची होती, जिभेवर काय विसंबायचे? त्यामुळे ती मला सांगण्याजोगी वाटली नव्हती, बाबांनाही नाही.

बाबा दुपारच्या बसने आले. पांढरा सदरा, घामाने पाठीला चिकटलेला. अक्काने पाहुणा म्हणून त्यांच्यापुढे आधी ताकाचा पेला ठेवला. त्या दिवसांत तो मोठा मान होता. ते प्याले. मग दोन ताटे आली. त्यांचे स्टीलचे, सगळ्यांसारखे. माझे पितळेचे, काठावर खडूची अक्षरे.

"हे काहून वेगळं?" बाबांनी विचारले. आवाज वर्गातला होता.

बेलीफकाकांचा घास हातात राहिला. मी तोवर जेवायला सुरुवात केली होती. भाकरी मोडून झाली होती, आमटीत बोटे बुडाली होती. अक्का तव्यावरून उठून आली. तिला बहुधा प्रश्न ऐकूच गेला नव्हता, किंवा हाताशी असलेले काम तिला आधी उरकायचे होते. ती वाकली, माझ्या ताटातला, मी अर्धा खाल्लेला तुकडा उचलला, माझ्याच वाटीतल्या आमटीत बुडवला आणि तोंडात टाकून डोळे मिटून चावला.

"आंबट न्हाई. खा," ती मला म्हणाली. मग बाबांकडे वळली. "काय म्हणलात दादा?"

बाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते. ते अजून हलत होते.

"काही न्हाई," ते म्हणाले. त्यांचा खांदा थोडा खाली आला. त्यांनी स्वतःचे ताट जरा सरकवले आणि माझ्या ताटातल्या भाकरीकडे हात नेला. अक्का एकदम ओरडली.

"हात काढा! लावू नका त्या ताटाला!"

बेलीफकाकांनी डोळे मिटून घेतले. ज्या शब्दांसाठी आजोबांनी कपबशी फोडली होती, तेच शब्द, त्याच क्रमाने.

"ताक पिलंय तुम्ही आत्ता!" अक्का म्हणाली. "बोटं बगा आपली. एकदा मारली हाय मी पोरीला, आता तुम्ही मारता का?"

बाबांनी हात वळवून पाहिला. अंगठ्याजवळ ताकाचा एक पांढरा थेंब खरोखरच वाळत होता. ते त्याच्याकडे पाहत राहिले, आणि मग हसू लागले. आधी आवाज न करता, मग खोकला येईपर्यंत. डोळे पुसायलाही त्यांनी डावा हात वापरला.

"बरं," ते म्हणाले. "धुतो."

"धुवायला पाणी कुठंय? पुसा सदऱ्याला."

त्यांनी हात पांढऱ्या सदऱ्याला पुसला आणि आपल्या ताटाकडे वळले. "मास्तर, तुमचा दावा खारीज," बेलीफकाका म्हणाले आणि आपला घास तोंडात घातला. संध्याकाळच्या बसला बाबा एकटेच बसले. मला घेऊन जायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही आठवण केली नाही.

पुढे पाऊस आला, यथावकाश जागा कायम झाली, नंतर बदलीने मी नांदेडला परतले. यापैकी काही आज इथे मांडण्याचे कारण नाही. काचेबाहेरची पाण्याची रेघ केव्हाच वाळली आहे आणि वाढपी अजून उभा आहे.

"पनीर राहू द्या," मी त्याला म्हणते. "कोरं जेवण मिळेल?"

तो विचारात पडतो. मग त्याचा चेहरा उजळतो. "कोऱ्या चहावानी?"

"हाव."

तो आत निघून जातो आणि मला त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही हे लक्षात येते.

डॉक्टरांनी ठेवायला सांगितलेली ती नोंद मी बाबा येऊन गेले त्या दिवसापर्यंतच ठेवली. नंतर गरज उरली नाही. शेवटच्या ओळीत आमटी आहे, चटणी आहे, लक्षणांच्या रकान्यात आडवी रेघ आहे. आणि ज्वारीची भाकरी: तीन.